दिव्याखालचे ऊन : कृत्रिम किरणांनी कांती रापविण्याच्या प्रश्नाचा आढावा

पूर्वपीठिका

युरोपातील गौरवर्णीय समाजात उन्हाने रापलेली कांती ही शेतमजुराची व खलाशाची खूण मानली जात असे आणि सावलीत जपलेली फिकट त्वचा हे कुलीनतेचे लक्षण समजले जाई; पण मजूर शेतातून कारखान्यात गेला, कारकून कचेरीत कोंडला गेला आणि समुद्रकिनारी सवडीने पडून राहणे हीच श्रीमंतीची मिरास ठरली, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ही प्रतवारी पार उलटी झाली. या पालटाचे श्रेय लोकवार्ता पॅरिसच्या कोको शानेल या वेशभूषाकार स्त्रीला देते. १९२३ च्या सुमारास ती दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रापलेल्या अंगाने परतली आणि तेथून ही फॅशन सुरू झाली, असे सांगतात. परंतु फॅशनच्या पाठीशी वैद्यकाचे वजन नसते, तर ती इतकी टिकती ना. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे ओग्युस्त रोलिए यांनी हाडांच्या व सांध्यांच्या क्षयाच्या रुग्णांना डोंगरावरील उन्हात निजविण्याचा उपक्रम आरंभिला. आणि बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली असे दाखवून दिले की, मुडदूस झालेली मुले पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली ठेवली असता बरी होतात. ऊन हे औषध, आणि दिवा हे उन्हाचे बदली साधन, ही कल्पना येथे रुजली.

पुढे घरगुती ‘सन लॅम्प’ निघाले. पण त्यांच्याखाली रंग चढण्याआधी कातडी लालबुंद होऊन भाजत असे. १९७० च्या दशकात जर्मनीतील फ्रीडरिख वोल्फ यांनी नळीदिव्यांची अशी शय्या (‘सनबेड’) प्रचारात आणली की, तिच्यातून येणाऱ्या किरणांत भाजणारा अंश अल्प आणि रंग चढविणारा अंश अधिक असावा. त्याच दशकाच्या अखेरीस ही यंत्रे अमेरिकेत पोहोचली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत केशकर्तनालयांच्या शेजारी व व्यायामशाळांच्या आतल्या खोल्यांत ‘टॅनिंग सलून’ हा एक स्वतंत्र धंदा होऊन बसला.

ज्या मराठी घरांत ‘टॅन’ म्हटले की ब्यूटी पार्लरमध्ये तो घालविण्यासाठी करावयाचा ‘डी-टॅन’ एवढाच अर्थ मनात येतो, त्यांना हा व्यवहार परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींना जिमच्या वर्गणीतच या यंत्राची सवलत मिळते, उत्तरेकडील दीर्घ हिवाळ्यात ड जीवनसत्त्वासाठी त्याचा उपयोग होईल काय असा प्रश्न त्यांच्याकडून येतो, आणि कोडावर अतिनील किरणांचे उपचार घेणारे रुग्ण ‘हे तेच काय?’ असे विचारतात. या विषयातील निरनिराळे प्रश्न सरसकट एकत्र केल्यामुळे वादाचा गुंता वाढला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत असल्याने येथे ते एकामागून एक घेतले आहेत.

कातडीवर रंग कसा चढतो

अतिनील किरणांचे या विषयापुरते दोन वर्ग ध्यानात घ्यावयाचे : ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘अ’ किरण आणि २८० ते ३१५ नॅनोमीटरचे ‘ब’ किरण. पहिले त्वचेत खोलवर उतरतात आणि तेथे आधीच असलेल्या मेलॅनिन या रंजकद्रव्याचे ऑक्सिडीकरण करून ते गडद करतात. हा रंग काही मिनिटांतच दिसू लागतो आणि बराचसा काही तासांत ओसरतो. दुसरे किरण वरच्या थरातच अडतात, पण तेथील पेशींच्या डीएनएवर त्यांचा आघात अधिक तीव्र असतो. त्यातून उद्भवणारा रंग दोन-तीन दिवसांनी उमटतो आणि तो नव्याने निर्माण झालेल्या मेलॅनिनचा असल्यामुळे काही आठवडे राहतो. सनबेडवरून उठताच आरशात दिसणारी छटा आणि दोन दिवसांनी दिसणारी छटा या दोन वेगळ्या प्रक्रियांची फळे आहेत, हे न कळल्यामुळे ‘काल चढलेला रंग आज कुठे गेला?’ ही तक्रार सलूनवाल्यांकडे वारंवार येते.

या दुसऱ्या प्रक्रियेचा उगम कोठे होतो, याचा उलगडा २००७ साली बॉस्टन येथील संशोधकांनी केला. किरणांनी डीएनए दुखावला की पेशीतील ‘पी-५३’ हे प्रथिन जागे होते. त्याच्या आज्ञेने एक संप्रेरक तयार होते. ते रंजकपेशींना गाठते आणि मेलॅनिनची निर्मिती वाढते. म्हणजे ज्या इजेपासून त्वचेने स्वतःचा बचाव करावयाचा, ती इजाच बचावाची वर्दी देते. एवढ्यावरून रंगाची प्रत्येक छटा रोगाला निमंत्रण देते असे सिद्ध होत नाही, कारण पेशी बहुतेक इजा दुरुस्त करतात; परंतु इजा मुळीच न होता किरणांनी रंग चढावा, ही अपेक्षा शरीरशास्त्राला धरून नाही.

रंग किती चढेल हे मुख्यतः जन्मजात प्रकृतीवर अवलंबून असते. अमेरिकन त्वचावैज्ञानिक टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढविलेल्या वर्गीकरणात पहिल्या प्रकारची त्वचा नेहमी भाजते, रापत कधीच नाही. दुसरी सहज भाजते व जेमतेम रापते. तर बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारांत मोडते. ज्यांना रंगाची हौस सर्वांत अधिक त्यांनाच तो चढण्याची शक्यता सर्वांत कमी, असा या धंद्यातील एक मूलभूत विरोधाभास आहे.

यंत्र, वेळ आणि रंग टिकविणे

सनबेड म्हणजे स्वच्छ ॲक्रिलिकच्या पत्र्याखाली ओळीने बसविलेल्या नळ्या, वरून तशाच नळ्यांचे झाकण, अंगाला लागणारा पंख्याचा वारा आणि बाजूला कालमापक. अंगावर येणारी ऊब ही किरणांच्या मात्रेचे माप नव्हे. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत की कातडीला जाणवत नाहीत, आणि ते जाणवतात ते भाजल्यावर, काही तास उलटून गेल्यावर. म्हणून वेळ ठरविणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ सालीच उत्पादकांना वेळापत्रकाविषयी मार्गदर्शन केले होते : पहिली बैठक अल्प, पुढील बैठका क्रमाक्रमाने वाढत्या, आणि इच्छित रंग आल्यावर तो राखण्यापुरत्या विरळ. युरोपीय मानकाप्रमाणे यंत्राची त्वचा भाजण्याची क्षमता दर चौरस मीटरला ०.३ वॉटपेक्षा अधिक असू नये. ही मर्यादा अतिनील निर्देशांकाच्या भाषेत १२, म्हणजे उष्ण कटिबंधातील भर दुपारच्या उन्हाएवढी आहे. कागदावरील ही मर्यादा दुकानात पाळली जातेच असे नाही. इंग्लंडमधील यंत्रांची मोजणी करणाऱ्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहांपैकी नऊ यंत्रे तिच्यापलीकडे गेलेली आढळली.

ग्राहकांच्या नित्याच्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे निर्विवाद आहेत. डोळे मिटले म्हणजे चष्मा नको, हा समज चुकीचा आहे. पापणी पातळ असते, आणि बुब्बुळाचा दाह व मोतीबिंदू यांची भीती खरी असल्याने किरण अडविणारा चष्मा अपरिहार्य ठरतो. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके, रक्तदाबावरील थायाझाइड गटातील गोळ्या आणि मुरुमांवरील रेटिनॉइड औषधे चालू असता त्वचा किरणांना अधिक हळवी होते. तेव्हा वेळापत्रकाचे सारे हिशेब कोलमडतात. प्रवासाला निघण्यापूर्वी ‘बेस टॅन’ करून घेतला तर किनाऱ्यावरचे ऊन बाधत नाही, या प्रचलित कल्पनेत तथ्य अत्यल्प आहे. असा रंग फार तर तीन-चार एसपीएफएवढे संरक्षण देतो, आणि तेही आधी इजा पत्करून.

राहिला रंग टिकविण्याचा प्रश्न. बाह्यत्वचेच्या पेशी खालून वर सरकत साधारण महिनाभरात झडून जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यातील मेलॅनिनही जाते. स्नानाने रंग धुऊन जात नाही. पण कोरडी त्वचा लवकर व ठिकठिकाणी सुटते आणि रंगाचे चट्टे दिसू लागतात. नियमित मॉइश्चरायझर, कोमट पाणी आणि खसखसून न घासणे यांनी रंग एकसारखा ओसरतो. या उपायांनी त्याचे आयुष्य वाढते असे मात्र नव्हे. किरणांनी आलेला रंग राखण्याचा खरा उपाय एकच, पुन्हा किरण घेणे. आणि येथेच सौंदर्याचा प्रश्न संपून आरोग्याचा सुरू होतो, कारण ‘राखणे’ याचा व्यवहारातील अर्थ वर्षानुवर्षे साचत जाणारी मात्रा असा होतो.

आरोग्यपक्षाचे म्हणणे

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था फ्रान्समधील लियाँ येथे आहे. तिच्या कार्यगटाने २००६ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष काढला की, पस्तिशीच्या आत सनबेडचा वापर सुरू करणाऱ्यांना मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी अधिक असतो. आणि २००९ साली तिने ही यंत्रे मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातली. २०१२ साली अधिक अभ्यास जमेस धरून केलेल्या फेरमोजणीत, केव्हाही वापर करणाऱ्यांचा धोका २० टक्क्यांनी आणि पस्तिशीच्या आत आरंभ करणाऱ्यांचा ५९ टक्क्यांनी अधिक निघाला. या एकत्रीकरणाला वजन आहे ते त्यामागील स्वतंत्र पाहण्यांमुळे : नॉर्वे व स्वीडन येथील एक लाखाहून अधिक स्त्रियांचा दीर्घकालीन मागोवा २००३ साली प्रसिद्ध झाला, तर अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या २०१० सालच्या अभ्यासात जितका वापर अधिक तितका धोका अधिक, असा चढता क्रम दिसून आला. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१६ साली निवाडा दिला की, सनबेडच्या किरणांची सुरक्षित अशी मर्यादा सांगता येत नाही.

याच पक्षाचा दुसरा मुद्दा सवयीचा आहे. अतिनील किरणांनी त्वचेत बीटा-एंडॉर्फिन तयार होते, हे २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. त्याआधी, वारंवार सनबेड वापरणाऱ्यांना अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध दिले असता त्यांच्यापैकी काहींना मळमळ व अस्वस्थता जाणवली, असे २००६ च्या एका लहान चाचणीत आढळले होते. ‘रंग फिका पडतो म्हणून जातो’ या स्पष्टीकरणामागे कधी कधी व्यसनाचा धागा असावा, अशी शंका त्यामुळे बळावली आहे.

व्यावसायिकांचे व चिकित्सकांचे म्हणणे

या पक्षात दोन निराळे आवाज आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे अन्यायाचे होईल. पहिला आवाज व्यवसायाचा. त्याचे म्हणणे असे की, सलूनमध्ये मात्रा मोजूनमापून मिळते, उघड्या उन्हात ती बेहिशेबी मिळते. आणि ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारे नुकसान कोणी जमेस धरीत नाही. यातील दुसऱ्या मुद्द्याला आधार आहे : बॉस्टन येथील २००४ च्या एका पाहणीत नियमित सनबेड वापरणाऱ्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. त्याला आरोग्यपक्षाचे उत्तर असे की, हे जीवनसत्त्व ‘ब’ किरणांनी तयार होते, सनबेडचे किरण बहुतांशी ‘अ’ वर्गातील असतात, आणि जे काम गोळीने होते त्यासाठी कर्करोगकारक साधन वापरण्याचे कारण नाही. शिवाय व्यवसायाने केलेले दावे नेहमीच संयत नव्हते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०१० मध्ये ‘इनडोअर टॅनिंग असोसिएशन’ या संघटनेवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि तडजोडीअन्वये तसे दावे करण्यास तिला मज्जाव झाला.

दुसरा आवाज शास्त्रीय चिकित्सेचा. जर्मनीतील यॉर्ग राइशराथ प्रभृतींनी २०२० साली असा आक्षेप मांडला की, उपलब्ध पुरावा सारा निरीक्षणात्मक आहे. सनबेड वापरणारे लोक उन्हातही अधिक पडतात, तेव्हा धोक्याचा कोणता वाटा दिव्याचा व कोणता सूर्याचा, हे निःसंशय वेगळे करता आलेले नाही. आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे : पहिल्या गटात समावेश याचा अर्थ पुरावा खात्रीचा आहे असा होतो, धोका तंबाखूएवढा मोठा आहे असा होत नाही, आणि सापेक्ष टक्केवारी कितीही ठळक दिसली, तरी मूळ धोका लहान असल्यास प्रत्यक्ष वाढही लहानच राहते. या आक्षेपांना उलट उत्तर असे दिले जाते की, तरुण मुलींना पंधरा-वीस वर्षे दिव्याखाली निजवून रोगाची वाट पाहण्याचा प्रयोग नीतीला धरून होणार नाही. सबब निरीक्षणात्मक पुराव्यावरच निर्णय घेणे भाग आहे, आणि वय व मात्रा यांनुसार धोका चढत जातो ही गोष्ट योगायोगाने समजावून देता येत नाही.

याच संदर्भात दक्षिण स्वीडनमधील सुमारे तीस हजार स्त्रियांच्या मागोव्याचा दाखला देतात. त्यात ऊन टाळणाऱ्यांचा मृत्युदर ऊन घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळला. हा निष्कर्ष लक्षणीय आहे. परंतु घराबाहेर वावरणारी व्यक्ती बहुधा मुळातच अधिक निरोगी असते, ही अडचण येथेही आहेच. आणि त्याचा आधार घ्यावयाचा तर तो मोकळ्या उन्हासाठी. बंद खोलीतील यंत्राला तो तसाच लावता येत नाही.

सरकारदरबारी झालेले निर्णय

पुरावा एकच असूनही निरनिराळ्या सरकारांनी त्यातून निरनिराळे निष्कर्ष काढले. ब्राझीलने २००९ साली सौंदर्यासाठी या यंत्रांच्या वापरास संपूर्ण बंदी घातली. तसे करणारा तो पहिला देश. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर या मेलबर्नच्या सव्वीस वर्षांच्या तरुणीने मृत्युशय्येवरून केलेल्या आवाहनाने २००७ साली लोकमत हलले, आणि बहुतेक राज्यांत २०१५ च्या आरंभापासून व वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०१६ पासून व्यापारी सोलॅरियम (सनबेड-सलून) बंद झाले. फ्रान्सने १९९७ साली आणि जर्मनीने २००९ साली अठरा वर्षांखालील ग्राहकांना मनाई केली. इंग्लंड व वेल्समध्ये अशाच मनाईचा २०१० चा कायदा पुढील वर्षी अंमलात आला. अमेरिकेने बंदीऐवजी कर, इशारा व वर्गवारी यांचा मार्ग धरला : २०१० पासून या सेवेवर दहा टक्के कर आहे, कॅलिफोर्नियाने २०१२ पासून अल्पवयीनांना मज्जाव केला, आणि २०१४ साली संघीय प्रशासनाने यंत्रांवर ठळक इशारा छापणे सक्तीचे केले; देशभर अल्पवयीनांना मनाई करण्याचा २०१५ चा प्रस्ताव मात्र दहा वर्षे उलटून गेली तरी नियमाच्या पदाला पोहोचला नाही.

मुलांना मनाई असावी, याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही. प्रौढांबाबत दोन भूमिका आहेत. एक म्हणते की, ज्याला धोका सांगितला आहे अशा प्रौढाने स्वतःच्या कातडीचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच. दुसरी म्हणते की, उपचाराचा खर्च समाजावर पडतो, व्यसनाच्या शक्यतेने संमतीच डळमळते, आणि टाळण्याजोगा कर्करोग विकण्याचा परवाना सरकारने देऊ नये.

किरणांवाचून रंग

या वादाच्या छायेत बिनकिरणी उपायांचा बाजार वाढला आहे. त्यांतील प्रमुख द्रव्य डायहायड्रॉक्सिॲसिटोन. १९५० च्या दशकात सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात ईव्हा विटगेनस्टाइन यांना असे दिसले की, मुलांना पाजावयाच्या या साखरसदृश द्रव्याचे थेंब अंगावर सांडले की तेथे तपकिरी डाग पडतात. हा रंग मेलॅनिनचा नव्हे. तव्यावर भाकरीला पडणाऱ्या तांबूस डागांप्रमाणे, कातडीच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी होणाऱ्या प्रक्रियेतून तो येतो. म्हणूनच तो आठवडाभरात झडतो. जेथे थर जाड असतो तेथे, म्हणजे कोपर, गुडघे व घोटे यांवर, अधिक गडद बसतो. आणि तळहातावर राहिल्यास नारिंगी दिसतो. आदल्या दिवशी त्वचा हलक्या हाताने घासून घेणे, कोपर-गुडघ्यांवर आधी थोडे मॉइश्चरायझर लावणे आणि क्लोरिनच्या पाण्यात डुंबणे टाळणे, एवढ्याने तो समान बसतो व थोडा अधिक टिकतो. अमेरिकेत १९७३ पासून याच्या बाह्य वापरास मंजुरी आहे. पण ती ओठ, डोळे व श्वासमार्ग यांना लागू नाही, आणि म्हणून फवाऱ्याने अंगभर ‘स्प्रे टॅन’ घेताना नाक, ओठ व डोळे झाकावयास सांगतात. हा रंग उन्हापासून संरक्षण देत नाही, ही गोष्ट वापरणारे वारंवार विसरतात.

रंगासाठी घेतल्या जाणाऱ्या कँथॅक्सँथिनच्या गोळ्या आणि मेलॅनोटान-२ ची इंजेक्शने वा नाकात मारावयाचे फवारे यांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्याने दृष्टिपटलात स्फटिक साचल्याचे आढळले आहे. दुसऱ्याला परवाना नसून ते चोरट्या मार्गाने विकले जाते. त्यांच्याविषयी वादाला जागा नाही.

कोड किंवा सोरायसिस यांवर त्वचारोगतज्ज्ञ देतात ते ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्याचे ‘ब’ किरण आणि सलूनमधील किरण यांची गल्लतही टाळावयास हवी. पहिल्यात रोग निश्चित असतो, मात्रा नोंदविली जाते, अपाय झाल्यास उत्तरदायी व्यक्ती समोर असते. दुसऱ्यात यांपैकी काहीच असत नाही.

अनिर्णित राहिलेले

सारांश, रंगाचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे : किरणांनी येणारा रंग इजेतून येतो, महिनाभरात जातो, आणि मात्रा न वाढविता तो राखता येत नाही. आरोग्याच्या प्रश्नाची दिशा निश्चित आहे, विशेषतः तरुण वयात आरंभ करणाऱ्यांच्या बाबतीत. मात्र प्रौढपणी, विरळ व मर्यादित वापर करणाऱ्याचा धोका नेमका किती, आणि त्यात दिव्याचा वाटा किती, यावर एकमत नाही. किरणांची ओढ कितपत व्यसन म्हणावयाची, याचे निकषही अद्याप ठरावयाचे आहेत. प्रौढाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तर मोजणीने सुटण्यासारखाच नाही. तो प्रत्येक समाजाने आपल्या नीतिकल्पनेनुसार सोडवावयाचा.

धोक्याच्या परिमाणावर नवा प्रकाश पडेल तो बंदी घातलेल्या देशांतून. मेलॅनोमा दिसून यावयास अनेक वर्षे लागतात. ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया येथे सोलॅरियमविना वाढलेली पिढी आता कोठे प्रौढ होते आहे. तिच्यातील रोगाचे प्रमाण घटलेले आढळले, तरी त्याच काळात टोपी, सनस्क्रीन व सावली यांचा प्रसारही झालेला असल्यामुळे श्रेयाची वाटणी करणे सोपे जाणार नाही. ज्या देशांनी केवळ अल्पवयीनांना रोखले आणि ज्यांनी सर्वांनाच रोखले, त्यांच्या कर्करोग-नोंदवह्या पुढील दोन-तीन दशके शेजारी शेजारी ठेवून वाचाव्या लागतील. त्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष चिकित्सकांच्या आक्षेपांना आजच्या कोणत्याही पाहणीपेक्षा अधिक समर्पक उत्तर देऊ शकेल.